खिसेकापू आणि खिशातला राक्षस

आजोबांना कारखान्यात सगळे खिसेकापू म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणाचं पाकीट मारलं नव्हतं. त्याला जी चपळाई लागते ती त्यांच्या अंगात कधी नव्हतीच. तयार कपड्यांच्या कारखान्यात ते पँटचे खिसे कापत आणि शिवत, एवढंच. नवा सुपरवायझर आला की जुनी मंडळी "हे आमचे खिसेकापू, जरा जपून" अशी ओळख करून देत, आणि आजोबा दर वेळी तो विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

तिथे एक पँट कितीतरी टेबलांवरून जाई. कुणाकडे पाय, कुणाकडे कंबर, कुणाकडे चेन. आजोबा ऐन उमेदीत शिकाऊ म्हणून खिशाच्या टेबलावर बसले आणि तिथेच म्हातारे झाले. बरोबरीचे लोक कटिंग मास्तर झाले, एकाने तर स्वतःचं दुकान टाकलं. तुम्ही का नाही वर गेलात, असं कुणी विचारलं तर ते सांगत, "वरच्या टेबलावर कंबर होती. कंबर आपल्याला झेपत नाही." यात खोटं काही नव्हतं. आख्खी पँट त्यांना शिवताच येत नसे. लग्न झाल्यावर बायकोने हौसेने पोलक्याचं कापड आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं. तिचं काय चुकलं, तिने शिंप्याशी लग्न केलं होतं. आजोबांनी कापड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यात खिसा कुठे हवाय?" ती पुढे जन्मभर हा किस्सा पाहुण्यांना सांगायची आणि आजोबा तिच्याहून जोरात हसायचे. ती गेल्यावर किस्सा त्यांच्या एकट्याकडे आला. ते अजून सांगत, पण मधेच थांबून कुणी तरी पुढचं वाक्य बोलेल म्हणून वाट बघत.

खिशाच्या बाबतीत मात्र गडी ऐकणारा नव्हता. माणूस समोर आला की आजोबा त्याच्या चेहऱ्याआधी त्याचे खिसे बघत. जावई घरी प्रथम आला तेव्हा सगळे त्याची नोकरी विचारत होते आणि आजोबा त्याच्या डाव्या खिशाच्या ओळंब्यात नसलेल्या कडेकडे बघून मनातल्या मनात हळहळत होते. लग्नाला होकार द्यायला त्यांना जो वेळ लागला, त्याचं खरं कारण त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे कारखाना दुसऱ्या गावी हलला. आजोबा हलले नाहीत. ते एक सूटकेस आणि कारखान्याने मोडीत काढलेलं एक जुनं शिलाई मशीन घेऊन लेकीकडे राहायला आले. लेकीचा फ्लॅट बेताचा. सूटकेस पलंगाखाली गेली, पण मशीन काही पलंगाखाली जाईना. ते नातीच्या खोलीत खिडकीखाली बसलं, नेमकं जिथे तिचं नवं टेबल यायचं होतं. आजोबांची गादीही त्याच खोलीत. नात दहा-अकरा वर्षांची. तिने आदळआपट केली असती तर आजोबांना बरं वाटलं असतं, आदळआपट करणाऱ्याची समजूत काढता येते. ती मात्र वह्या-पुस्तकं पलंगावर मांडून पोटावर पडून अभ्यास करू लागली. आजोबांनी काही विचारलं की "हो", "नाही" आणि "माहीत नाही" या तीन शब्दांत काम भागवायची.

एके दिवशी चहा देताना लेक म्हणाली, "बाबा, मशीन नुसतं पडून आहे. माझ्या ओळखीत एक शिवणवर्ग आहे, त्यांना हवंय. हिच्या शाळेचा कार्यक्रम झाला की माणूस पाठवते म्हणाल्या तिथल्या बाई."

"अगं न्या की," आजोबा म्हणाले. "मला काय करायचंय."

हे ते इतक्या सहज बोलले की लेकीला खरं वाटलं. मशीनवर ते काही शिवत होते अशातला भाग नाही. रोज पुसायचे, तेल घालायचे, चाक एकदा फिरवून बघायचे. पण मशीन होतं तोवर ते कामावरचे होते. ते गेलं की आपण या घरात फक्त जेवायला उरलेले, असं त्यांना वाटलं. लेकीशी वाद घालणं त्यांना जमणार नव्हतं. जागा तिची नव्हतीच, नातीची होती. नातीने म्हटलं, राहू दे मशीन, तरच ते राहणार. आणि नात तर त्यांच्याशी तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हती.

शाळेचा कार्यक्रम होता नावांचा. प्रत्येक मुलाने एक नाव निवडायचं, त्याचा अर्थ काय, ते आलं कुठून, हे सगळ्यांच्या आईवडिलांसमोर मंचावर सांगायचं. नातीने निवडलं पोकेमॉन. आईने सुचवून पाहिलं की जरा बरंसं काही घे, एखादी नदी, एखादा तारा. नात बधली नाही. ती खोलीत भिंतीकडे तोंड करून पाठ करायची आणि आजोबा मशीन पुसत ऐकायचे. पोकेमॉन हे खोकल्याच्या औषधाचं नाव असावं अशी त्यांची तोवर समजूत होती. मुलं त्याची कार्डं जमवतात हे त्यांनी पाहिलं होतं, पण औषधाच्या कंपन्या हल्ली काय काय वाटतात, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

त्या दिवशी भिंतीकडून वाक्य आलं, "पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, म्हणजेच खिशातला राक्षस."

आजोबांचा हात थांबला. "खिशातला?"

"हो," नात म्हणाली. आजोबांना वाटलं, संपलं. पण विषय तिचा होता, तिला राहवलं नाही. ती वळली. "जपानमध्ये बाहेरून आलेले लांबलचक शब्द लोक छाटून वापरतात. तिकडे पॉकेटला पोकेत्तो म्हणतात. तर पोकेत्तोचं डोकं घ्यायचं, मॉन्स्टरचं डोकं घ्यायचं आणि दोन्ही जोडायची. झालं पोकेमॉन. एक असला तरी पोकेमॉन, शंभर असले तरी पोकेमॉन."

"आणि राक्षस खिशात मावतो कसा?"

"तो चेंडूत शिरतो. चेंडू लहान होतो. मग चेंडू खिशात." तिने हे इतक्या सबुरीने सांगितलं की आजोबांना आपण पहिलीत असल्यासारखं वाटलं. मग तिने आणखी सांगितलं. ज्या माणसाला हा खेळ सुचला तो लहानपणी किडे पकडून जमवायचा, म्हणून खेळातही जमवायचं असतं.

"म्हणजे त्याच्या खिशात खरोखर किडे असणार," आजोबा म्हणाले. "त्याची चड्डी धुवायला कोण घ्यायचं, ते विचारायला हवं होतं."

नात हसली. या घरात राहायला आल्यापासून ती आजोबांच्या बोलण्यावर पहिल्यांदा हसली होती, आणि तिथेच आजोबांचं डोकं फिरलं. ते हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच. खालच्या वॉचमनला त्यांनी सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, दूध घालणाऱ्याला तर जिन्यात अडवून सांगितलं: जगभरची पोरं ज्याच्यामागे वेडी आहेत, ते सगळं उभं आहे एका खिशावर. राक्षस काय, कुणीही काढेल. खिसा नसेल तर ठेवणार कुठे? न्हाव्याने विचारलं, यात तुमचा काय संबंध? आजोबा म्हणाले, संबंध तसा काही नाही. पण ते अशा आवाजात म्हणाले, जणू जपानहून त्यांना विचारायला माणूस येऊन गेला होता.

नातीची एक युक्ती होती. आजोबांच्या चिंध्यांच्या पिशवीतून तुकडे घेऊन तिने स्वतःच्या हाताने एक हिरवा राक्षस शिवला होता, मुठीएवढा, एका डोळ्याच्या जागी बटण, दुसरा डोळा राहून गेलेला. भाषणाच्या शेवटच्या वाक्याला तो खिशातून बाहेर काढायचा, असं तिने ठरवलं होतं. अडचण अशी की तिच्या निळ्या झग्याचा खिसा उघडतच नव्हता. वरून नुसती पट्टी, आत काही नाही.

"हा खोटा आहे," नात म्हणाली. "मुलींच्या कपड्यांना असेच देतात. असं कोण करतं हो?"

आजोबांनी पट्टी बोटाने उचलून पाहिली. शेवटची काही वर्षं कारखान्यात मुलींचे कपडे यायचे आणि कापड वाचावं म्हणून त्यांना अशाच पट्ट्या लावायचा हुकूम होता. ढिगाने लावल्या होत्या त्यांनी. हीसुद्धा कदाचित त्यांचीच असेल; टाके तरी चांगले होते.

"असेल कुणी तरी गाढव," असं म्हणून आजोबांनी चष्मा पुसायला घेतला.

नातीने विचारलं की तुम्ही याला एक साधी पिशवी लावून द्याल का. साधी पिशवी! आजोबांच्या काळजाला ते लागलं. पण वरकरणी ते म्हणाले, बघतो. आणि मग त्यांनी सगळं कसब पणाला लावलं. एवढ्याशा झग्याला त्यांनी कोटाला शोभेल असा आतला खिसा केला, मऊ अस्तराचा, बाहेरून फक्त एक बारीक रेघ दिसणारा. डोळे साथ देत नव्हते, सुईत दोरा ओवायला जावयाला बोलवावं लागे. तो बिचारा ऑफिसातून आल्या आल्या टाय न काढता दोरा ओवून देई. मशीन घरघरू लागलं तशी नात पलंगावरून उठून शेजारी उभी राहायला लागली. ती विचारायची, आजोबा सांगायचे. तीन शब्दांची हद्द केव्हाच मागे पडली होती. मशीन न्यायला येणाऱ्या माणसाबद्दल मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही. आजोबांनी मनाशी ठरवलं होतं, खिसा असा व्हायला हवा की तिनेच आईला सांगावं.

काम झालं. आजोबांनी हिरवा राक्षस स्वतःच्या हाताने आत ठेवला, इस्त्री फिरवली, झगा नातीच्या अंगाला लावून पाहिला. खिसा तसूभरही फुगला नव्हता. आत राक्षस आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. नातीला लगेच काढून बघायचा होता, पण आजोबांनी साफ नाही म्हटलं. "हात घातलास की रेघ बिघडेल. आता एकदम मंचावर."

ती म्हणाली, एकदाच. ते म्हणाले, कारागिराचं ऐकायचं असतं. स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायची संधी त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाली होती, ती त्यांनी सोडली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आजोबा लेक आणि जावई यांच्या मधल्या खुर्चीवर, ठेवणीतला इस्त्रीचा कोट घालून. एका मुलाने नदीचं नाव सांगितलं, एकीने आपल्या पणजीचं. मग नात आली. निळा झगा, त्यावर ती बारीक रेघ. पुढच्या रांगेतल्या बाई मुलीकडे बघत होत्या आणि आजोबांना वाटत होतं की त्या रेघेकडेच बघतायत. नात छान बोलली. छाटलेले शब्द आले, जपान आला, किडे पकडणारा मुलगा आला. किड्यांपाशी तिने आजोबांचा चड्डीचा विनोद घातला आणि लोक हसले. आजोबांनी लेकीकडे अशा नजरेने पाहिलं की तिला ते वाक्य कुणाचं हे कळावं.

"आणि म्हणून," नात म्हणाली, "पोकेमॉन म्हणजे खिशातला राक्षस. आणि तो असा असतो." तिचा हात खिशाकडे गेला.

हात घसरला. तिने पुन्हा बोटं रेघेवर नेली. पुन्हा घसरली. तिने खाली पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारखान्यात खिसा तयार झाला की त्याचं तोंड दोऱ्याने टाचून बंद करायचं, म्हणजे इस्त्रीत आणि ने-आण करताना कड सरळ राहते. आजोबांचं काम तिथे संपायचं. तो टाका शेवटच्या टेबलावर बसणारी बाई उसवायची. जन्मभर आजोबांनी खिसे बंद करून पुढे सरकवले होते आणि ते कुणी तरी उघडले होते. नातीच्या खिशाचंही तोंड त्यांनी टाचलं होतं, त्याच रंगाच्या दोऱ्याने, घरचं काम म्हणून दुहेरी, आणि पुढे सरकवलं होतं. या घरात शेवटचं टेबल नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. ओरडून सांगावं, तर काय सांगणार? कुणी तरी मागे खोकलं. नातीचा चेहरा लाल झाला, ओठ घट्ट मिटले. मग तिने दोन्ही हातांनी खिसा धरला आणि ओढला.

टर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आजोबांच्या कानाने तो ओळखला. दोरा तुटला की आवाज बारीक येतो. हे कापड फाटलं होतं. त्यांचा टाका टिकला होता. आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, त्या क्षणी, नात तिथे फाटक्या झग्यात उभी असताना, खिसेकापूंची छाती इंचभर फुगली. पुढच्याच क्षणी ते स्वतःला मनातल्या मनात जे काही म्हणाले, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आख्खा खिसा नातीच्या मुठीत आला होता, अस्तरासकट, तोंड अजून बंदच. आत राक्षस. तिने तो वर धरला.

"हा खिसा आहे," ती म्हणाली. "राक्षस आत आहे. तो बाहेर येत नाहीये."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं असंच ठरलं होतं. नातीला मात्र ठाऊक होतं, आणि खाली उतरताना तिने आजोबांकडे बघितलं नाही.

घरी येताना जावयाने एकदा "टाळ्या पण जोरात पडल्या" असं म्हणून पाहिलं, लेकीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. घरी पोचल्यावर आजोबा कोट न काढता लेकीला म्हणाले, त्या माणसाला आजच बोलव. लेक म्हणाली, बाबा, एवढं काय त्यात? ते म्हणाले, नाही, बोलावच. मग ते खोलीत जाऊन मशीनवरचं कापड, तेलाची कुपी, कात्री असं एकेक उचलून पिशवीत भरू लागले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि मशीनचं त्यात काहीच नव्हतं. नात त्यांच्या भरवशावर मंचावर गेली होती.

दारात नात उभी होती. कपडे बदललेले, हातात तो झगा आणि तो खिसा.

"मी विचारलं होतं, एकदा काढून बघू का," ती म्हणाली.

"विचारलं होतंस."

"तुम्ही ऐकलं नाहीत."

"नाही ऐकलं. शहाणपणा नडला माझा. चुकलो मी, बाळ." हे बोलताना त्यांनी विनोद केला नाही. त्यांना सुचलाच नाही.

नातीने झगा मशीनवर टाकला. "हे आधी लावून द्या."

आजोबांनी पिशवी पुन्हा रिकामी केली. फाटलेल्या जागी आतून तुकडा दिला, कडा दुमडल्या, खिसा परत बसवला. आता ती बारीक रेघ काही जमण्यासारखी नव्हती. भोक मोठं होतं, वरून पट्टी द्यावी लागली, आणि ती किंचित वाकडीही गेली. नात शेजारी उभी राहून बघत होती. बाहेर दाराची बेल वाजली, लेक कुणाशी तरी बोलत असल्याचा आवाज आला. आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटचा टाका संपला, दोरा कापला, आणि त्यांच्या हाताने आपसूक, त्यांना न विचारता, तोंड टाचायला सुई उचलली.

नातीने आपला हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला.

आजोबा सुई धरून थांबले. तिच्या बोटांचा आकार कापडातून दिसत होता, आणि ती हात बाहेर काढेल अशी काही चिन्हं नव्हती.

लेक दारात आली. "तो माणूस आलाय मशीन न्यायला. काय सांगू?"

आजोबांनी तोंड उघडलं, पण नातच आधी बोलली. "त्यांना सांग, काम चालू आहे," ती म्हणाली. "माझे अजून सगळे खोटे खिसे उघडायचेत."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. आजोबांनी मान खाली घालून सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला, तो ओवलेलाच होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर त्यांनी सगळा दोष चष्म्याला दिला असता.